सासू-जावयाची राखण

खिएमआजीने लहानपणी यक्ष-शराटी पक्ष्याची अंडी खाल्ली होती, आणि ही गोष्ट ती कुणापासून लपवत नसे. पक्षी जपणाऱ्या संस्थेच्या माणसाने विहाराच्या ओसरीवर पहिल्यांदा गाव गोळा केलं, त्या भल्या मोठ्या करड्या पक्ष्याचं चित्र सगळ्यांपुढे धरलं आणि विचारलं, हा जगात फार थोडा उरलाय, इथे कुणी पाहिलाय का? लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. बाहेरच्या माणसाला रानातलं काही सांगावं की गप्प बसावं, हा खमेर मुलखातल्या स्रे रोका गावाचा जुनाच पेच होता. आजीने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाली, "पाहिलाय म्हणजे? खाल्लाय. अंडं बदकाच्या अंड्याहून मोठं असतं. बलक जरा उग्र लागतो."

ओसरी हसली. संस्थेचा माणूसही हसला. रतनाक त्याचं नाव. घरटं कुठल्या झाडावर करतो हा पक्षी, असं त्याने विचारलं. राळेच्या उंच झाडावर, आणखी कुठे, असं आजीने सांगितलं आणि तिचं त्या विषयातलं लक्ष संपलं. पुढे गावाची समिती नेमली, नियम वाचले, हात वर झाले, अंगठे उठले. आजीनेही अंगठा उठवला आणि डुकरांच्या खाण्याची वेळ झाली म्हणून ती उठून घरी आली.

साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, केस बारीक कापलेले, डोक्याला चौकड्याचा पंचा गुंडाळलेला, अशी ही बाई. नवरा तापाने गेला तेव्हा पदरात दोन मुली होत्या आणि रानात आईकडून आलेली राळेची झाडं होती. कमरेएवढ्या उंचीवर बुंध्याला खोबण करायची, तिच्यात क्षणभर जाळ धरायचा, आणि आठवड्याने जाऊन साचलेली राळ पळीने डब्यात भरायची. त्या राळेवर तिने मुली वाढवल्या, लग्नं लावली, घराचे खांब बदलले. कुणाचं झाड कोणतं हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. दुसऱ्याच्या झाडाची राळ काढणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं उतरवून जेवायला बसण्यासारखं होतं.

आता धाकटी मुलगी कुन्थिआ आणि तिचा नवरा विरक तिच्यापाशी राहत होते. त्या मुलखात जावईच सासरी नांदायला येतो, त्यामुळे घरजावई असण्यात काही कमीपणा नव्हता. कमीपणा, आजीच्या मते, खुद्द विरकमध्ये होता. तो नदीकाठच्या सपाट भातशेतीतून आलेला. रानात शीळ घालत फिरायचा, जळू लागली की उडी मारायचा, आणि बोलायचा. सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायचा. आजी त्याच्याशी थेट बोलतच नसे. तो शिडीच्या पायरीशी उभा असला तरी ती वरून मुलीला सांगायची, "कुन्थिआ, तुझ्या नवऱ्याला म्हणावं पाय धुऊन वर ये." आणि विरक खालून म्हणायचा, "कुन्थिआ, आईंना सांग, धुतले."

दोघांचं खरं भांडण होतं ते तळ्यापलीकडच्या झाडांवरून. गेल्या दोन-तीन वर्षांत गावात कसाव्याचं वारं आलं होतं. ज्याचा साबुदाणा होतो तोच हा कंद. व्यापाऱ्याचा ट्रक दारात येतो, ओला कंद तसाच उचलतो. ज्यांनी रान तोडून तो लावला त्यांच्या घरांवर नवे पत्रे चढले होते, घराखाली मोटारसायकली उभ्या होत्या. विरकचं म्हणणं, राळेचा भाव दरवर्षी उतरतोय. राळ लागते लाकडी होड्यांच्या फटी बुजवायला, आणि आता लाकडी होड्या बांधतो कोण? तळ्यापलीकडची झाडं पाडली तर तिथे उत्तम कसावा होईल. त्याच्या या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, म्हणून तर आजीला त्याचा जास्त राग येई.

आजीचा धाकटा भाऊ मेआस याने तर कामाला सुरुवातही केली होती. आजीच्या झाडांना लागूनच त्याचा रानाचा तुकडा होता. पावसाळा तोंडावर असताना विरक त्याच्याबरोबर जागा बघायला म्हणून गेला आणि दुपारी धावतच परत आला.

"कुन्थिआ, आईंना सांग—"

"मी इथेच बसलेय," आजी म्हणाली.

"तळ्यापलीकडचं सगळ्यात उंच झाड आहे ना, त्याच्यावर घरटं आहे. हा एवढा पक्षी बसलाय."

आजीने विचारलं, तो वर चढला का. तो नाही म्हणाला. मेआसने पाहिलं का? मेआसने पाहिलं, पण त्याला ते कावळ्याचं वाटलं. आजीने तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाली, "रतनाकला निरोप धाड."

रतनाक चिखलात मोटारसायकल ढकलत दुसऱ्या दिवशी आला, दुर्बिणीतून बघितलं आणि बराच वेळ दुर्बीण खाली घेईना. घरटं यक्ष-शराटीचंच होतं. संस्थेची रीत अशी, की ज्याला घरटं सापडलं त्यालाच राखणीचं काम आणि दिवसाच्या मजुरीचा रोज मिळायचा. पिल्लं उडाली तर वर काही बक्षीस. मात्र राखणीला दोघं हवीत, पिल्लं उडेपर्यंत तिथेच मुक्काम हवा, आणि त्या झाडाला तोवर जाळ लावायचा नाही.

ही शेवटची अट आजीला झोंबली. तिच्या आईने ज्या झाडाची राळ काढली त्याला हात लावायचा नाही, हे कालचं पोर सांगणार. पण रोज राळेहून बरा होता, हे तिला न मोजताही कळत होतं. आता विरकच्या जोडीला कोण? कुन्थिआच्या अंगावर तान्हं मूल. मेआस त्याच्या तोडणीत. गावातल्या तरण्या माणसांना भाताची लावणी. आजी म्हणाली, झाड माझं आहे, मीच बसते. तिच्या मनात खरं हे होतं, की या शीळवाल्याला एकट्याला तिथे सोडलं तर पक्षी चार दिवसांत गाव सोडून जाईल.

जाताना तिने रानाच्या राखणदार देवाला कोंबडी आणि भाताची दारू ठेवली, आणि झाडाला हळू आवाजात सांगितलं, यंदा तुला सुट्टी आहे.

झाडापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी ताडपत्रीचं छप्पर घातलं, दोन टोकांना दोन झोळ्या बांधल्या, मध्ये चूल. उदमांजर वर चढू नये म्हणून रतनाकच्या माणसांनी बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला. मग सगळे निघून गेले, आणि रानात सासू, जावई आणि पाऊस एवढेच उरले.

पहिली अडचण ही आली, की मध्ये कुन्थिआ नव्हती. थेट बोलायचं तर इतक्या वर्षांची सवय मोडायची. आजीने त्यावर तोड काढली. चुलीवर काळीकुट्ट किटली होती, तिच्याकडे तोंड करून ती म्हणाली, "किटले, त्याला सांग, सरपण ओलं होतंय." विरकने किटलीकडे बघितलं. मग लाकडं आत ओढत म्हणाला, "किटले, आईंना सांग, घेतलं. आणि हेही सांग, की त्यांच्या पाठीवर जळू आहे."

असे बरेच दिवस गेले. विरक बोलायचा, किटली ऐकायची. पहाटे पक्षी ओरडायचा, आल्योक, आल्योक, आणि त्या आवाजाने सगळं रान दणाणायचं. नर आणि मादी आळीपाळीने बसत. एक बसला की दुसरा तळ्यावर जाई. त्या तळ्यात मेआसच्या म्हशी लोळायला येत. त्यांच्या खुरांनी चिखल ढवळला की बेडूक उघडे पडत, आणि तो यक्ष मोठ्या थाटात म्हशींच्या मागून चालत आपली लांब वाकडी चोच चिखलात खुपसत राही. आजीला त्याचं चालणं बघून गावच्या जुन्या मुखियाची आठवण येई. तोही असाच, मान पुढे काढून, दुसऱ्याच्या शेतातून आपलंच असल्यासारखा फिरायचा.

आजीच्या हाताला चव नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. राखणीवर आल्यापासून ती भात आणि सुकी मासळी एवढंच रांधत होती, आणि विरक मुकाट खात होता. एका दिवशी तिला कणकण आली म्हणून ती झोळीतच पडून राहिली. विरकने बांबूचे कोवळे कोंब काढून आणले, झाडावरचं लाल मुंग्यांचं घरटं पाडलं, आणि माशांचं आंबवण घालून त्या मुंग्यांचं आंबट कालवण केलं. आजीने एक वाडगा संपवला. दुसरा मागितला. तिसऱ्या वेळी तिने मागितलं नाही, पातेलंच ओढून घेतलं.

"कुणी शिकवलं तुला?" तिने विचारलं. किटली तेव्हा चुलीपासून लांब पालथी पडली होती.

विरकने सांगितलं, की त्याची आई बाजारात जेवण विकायची, आणि लहानपणी तो तिच्या हाताखाली होता. ही गोष्ट त्याने याआधी नक्कीच पन्नासदा सांगितली असणार. आजीने ती पहिल्यांदा ऐकली. त्या दिवसापासून चूल त्याची झाली आणि पहाटेचा पहारा आजीचा.

श्रावणासारखा पाऊस लागला असताना रतनाक एका परदेशी बाईला घेऊन आला. बाई आजीच्या वयाची, उंच, लालेलाल, गुडघ्यापर्यंत चिखल आणि मानेवर जळू. एवढ्या पावसात कुणी येत नाही, पण तिला हाच पक्षी बघायचा होता आणि घरट्यावरच बघायचा होता. लांबूनच, झुडपाआडून, तिने दुर्बीण लावली. नर तेव्हा घरट्याच्या काठावर पंख पसरून उभा होता. बाईने दुर्बीण काढली आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन नाही, नुसतं पाणी गळत होतं आणि ती हसतही होती. आजी घाबरली. तिने विरकला कोपराने ढोसलं, की बाईला काहीतरी चावलंय, बघ. विरक म्हणाला, चावलं नाही, ती खूश आहे.

बाईने डोळे पुसले आणि रतनाककरवी आजीला विचारलं, की तुमची या पक्ष्याशी ओळख किती जुनी?

"तिला सांग, लहानपणी खाल्लाय," आजी म्हणाली.

रतनाकने बरंच लांबलचक काहीतरी भाषांतर केलं. बाईने आजीचे दोन्ही हात हातात घेतले आणि वाकून नमस्कार केला. आजीने रतनाककडे संशयाने बघितलं, पण तो छपराच्या गळतीकडे बघत होता. जाताना बाईने गावाच्या निधीत भरीव पैसे टाकले, आणि आजीसाठी एक छत्री ठेवून गेली.

दोन पिल्लं झाली. त्याच सुमारास करवतीचा आवाज जवळ यायला लागला.

मेआसची तोडणी पुढे सरकत होती. आधी आवाज लांबून यायचा, डासासारखा. मग दर दिवशी थोडा जवळ. झाड कोसळलं की झोळीच्या दोऱ्या थरथरायच्या. एके सकाळी नर आलाच नाही. मादी उपाशी बसून राहिली आणि दुपारी कधीतरी तो आला, तेव्हा घरट्यावर न उतरता दोनदा घिरट्या घालून लांबच्या झाडावर जाऊन बसला. विरक म्हणाला, मी मामांशी बोलून येतो. गेला आणि लगेच परत आला. चुलीपाशी बसला. विरक गप्प बसलाय हे बघूनच आजी झोळीतून उतरली.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, तुम्ही पगारी माणसं, तुम्ही बसा."

आजीने छत्री उचलली आणि स्वतः गेली. मेआस ताज्या तुटलेल्या खोडावर बसून डबा खात होता. खोडातून राळ अजून पाझरत होती. ते झाड त्यांच्या मावशीचं. आजीने लहानपणी तिच्याबरोबर इथे जाळ धरला होता. तिने त्याच्याकडे बघितलं. आईबाप गेले, त्या वाईट वर्षांत देशभर खायला काही उरलं नाही, तेव्हा हा एवढासा होता. रानातले कंद खणून, उकडून, आपण पाणी पिऊन तिने त्याला जगवलं होतं. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"जेवले. मेआस, पिल्लं उडेपर्यंत थांब ना."

"ताई, तू पक्ष्याच्या वतीने आलीस की माझी बहीण म्हणून?"

आजीने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझा भात पुढच्या कापणीपर्यंत कधी पुरत नाही. तुला माहिताय. झाड तुझं, घरटं तुझ्या झाडावर, रोज तुझ्या घरात. माझ्या झाडावर साधा कावळा बसत नाही, मी काय करू? आता लावणी हुकली तर वर्ष गेलं. कंद विकून, म्हशी विकून मला नांगरटीला पॉवर टिलर घ्यायचाय. पोरं मोठी होतायत."

हे तो भांडून बोलला असता तर आजीला सोपं गेलं असतं. भांडणात तिचा हात कुणी धरला नसता. पण तो डब्यातला भात चिवडत, खाली बघत बोलला. आजी छत्री त्याच्यापाशी ठेवून भिजत परत आली. विरकला म्हणाली, "त्याचं खरं आहे."

दुसऱ्या दिवशी राखणीवर विरकला ठेवून ती गावात गेली. रतनाक विहारात काही कामाला आला होता, त्याला तिने ओसरीवरच गाठलं. पक्ष्याला दोन-दोन राखणदार, ती म्हणाली, माझ्या भावाच्या घराची राखण कोण करतं? रतनाकने तिला बसवलं. शांतपणे सांगितलं, की यासाठीच तर भाताचा गट आहे. गटातल्या लोकांचा भात शहरात या पक्ष्याच्या नावाने चढ्या भावाने विकला जातो. अट एकच, रान तोडायचं नाही. मेआसने यंदा तोडलं, म्हणून तो गटाबाहेर.

"असला नियम केला कुणी?"

"तुम्हीच, आजी. गावाच्या बैठकीत ठरला. तुमचाही अंगठा आहे."

आजीला डुकरं आठवली. मग म्हणाली, "बरं. गावाने केला तर गाव बदलेल."

ठरलेल्या संध्याकाळी समिती बसली. राखणीवर एका रात्रीपुरतं, नदीकाठाहून भेटायला आलेल्या कुन्थिआच्या दिराला बसवून विरकही आला होता. आजी बोलायला उठली आणि तिने सगळं बिघडवून ठेवलं. मुखियाला त्याच्या वडिलांवरून बोलली, समितीतल्या एकाने स्वतः मागे किती तोडलं ते काढलं, आणि रतनाकला म्हणाली की तुला पक्षी कळतात, माणसं नाहीत. ओसरीवर गलका झाला. तेवढ्यात मागून पॉन नावाची एक विधवा बाई उठली. ती कधी मोठ्याने बोलत नसे. ती म्हणाली, की तिचंही रान होतं. व्यापारी तिच्याही दारी आला होता. नियम केला म्हणून तिने एकही झाड पाडलं नाही, आणि तिच्या घरावर अजून गवतच आहे. आता तोडणाऱ्याला गटात घेणार असाल, तर न तोडणाऱ्यांनी काय करायचं, ते सांगा.

पॉनचंही खरं होतं. एकाच आठवड्यात दोन माणसं आजीसमोर खरं बोलली होती, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना होती. ती खाली बसली.

मग विरक बोलायला लागला. आधी त्याने मुखियाच्या गाईचं विचारलं. मग पॉनकाकूंचं म्हणणं पुन्हा एकदा, तिच्याहून चांगलं, मांडून दाखवलं. मग तळ्याचं सांगितलं, की रतनाकदादाच म्हणत होता, जिथे म्हशी गेल्या आणि टिलर आले तिथली तळी गवताने बुजली, आणि तिथून पक्षी उठले. इथे म्हशी उरल्यात कुणाच्या? मेआसमामांच्या. त्याने मेआसला विचारलं, आहे तेवढ्यावर तोडणी थांबवली आणि तिथे कसाव्याऐवजी भात लावला तर चालेल का. मेआस म्हणाला, त्याने पोट भरणार नाही. विरक म्हणाला, नाहीच भरणार, आणि पुढे बोलत राहिला. चहा आला. विरक बोलत होता. डास आले, पोरं पेंगली, मुखियाने दोनदा जांभई दिली. नदीकाठची माणसं कशी बोलून बोलून बाजार करतात, हे आजीने पहिल्यांदा बघितलं. भांडायला कुणी उठावं इतका श्वासच तो मध्ये घेत नव्हता.

शेवटी जे ठरलं ते असं. मेआसने आहे तिथे थांबायचं. यंदाच्या विक्रीत त्याला गटात जागा नाही, पॉनचं म्हणणं राखलं. पुढच्या वर्षी भात लावला आणि झाड पाडलं नाही, तर तो आत. तोवर म्हशी विकायच्या नाहीत, रोज तळ्यात न्यायच्या, आणि त्याबद्दल पाहुण्यांनी भर घातलेल्या गावाच्या निधीतून त्याला काही मिळेल. ज्यांनी पहिल्यापासून नियम पाळला त्यांच्या घरांची डागडुजी त्याच निधीतून आधी करायची, आणि त्यात पहिलं घर पॉनचं. म्हशींना नोकरी लागली, असं म्हणून लोक हसले, आणि हसल्यावर हात वर करणं सोपं गेलं.

मेआसचा चेहरा काही उजळला नव्हता. पायऱ्या उतरताना आजीने त्याला गाठलं आणि यंदा तिच्या झाडांपैकी ओढ्यालगतच्या तीन झाडांची राळ त्याने काढावी, असं सांगितलं. तो म्हणाला, राळेला भाव कुठे आहे. ती म्हणाली, आहे तो घे. तो उरलेल्या पायऱ्या उतरून निघून गेला. पण तिसऱ्या दिवशी ओढ्याकडून धूर दिसला आणि जळत्या राळेचा वास आला.

करवत थांबली, तरी रानाने आपलं घ्यायचं ते घेतलंच. भाद्रपदाच्या एका वादळात फांदी हलली आणि धाकटं पिल्लू खाली पडलं. आजीने सकाळी बघितलं तेव्हा मुंग्या लागल्या होत्या. विरक त्या दिवशी जेवला नाही. आजीने तिच्या हातचा भात केला, मीठ जास्त पडलेला, आणि तो त्याच्यापुढे ठेवून तो खाईपर्यंत तिथेच बसली. मादी वरून उठली नाही. पाऊस तिच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना ओघळत होता आणि खाली थोरलं पिल्लू कोरडं होतं.

ते मात्र उडालं. आठवडाभर काठावर उभं राहून पंख फडफडवत होतं आणि आजी खालून त्याला नावं ठेवत होती. एके सकाळी ते गेलं, तेही उडून असं नाही, पडता पडता सावरून, शेजारच्या झाडापर्यंत. विरकने ओरडायला तोंड उघडलं तेव्हा आजीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. दोघं तशीच उभी राहिली. मग छप्पर उतरवून, झोळ्या गुंडाळून घरी आली. कुन्थिआचं मूल तोवर रांगायला लागलं होतं आणि दोघांनाही ओळखेना.

पुढच्या पावसाळ्यात पक्ष्यांनी आजीचं झाड घेतलं नाही. कारण त्यांनाच ठाऊक. रतनाक म्हणाला, असं होतं कधीकधी. शोधता शोधता घरटं सापडलं ते पॉनच्या तुकड्यात, आणि रोज पॉनच्या घरात गेला. आजीने दोन दिवस त्या पक्ष्याला शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी विरकला घेऊन आपल्या झाडाला जाळ धरायला गेली. वर्षभराच्या सुट्टीनंतर राळ चांगली आली. भाव आणखी उतरला होता.

विरकने घरामागे, डुकरांच्या कुंपणापलीकडे, ओंजळभर जागेत कसावा लावला. आजीने त्याला हरकत घेतली नाही, उलट त्याचे कंद उकडून डुकरांना घातले आणि स्वतःही खाल्ले. पाहुणे आले की रतनाक आता विरकला स्वयंपाकाला बोलावतो. परदेशी लोक त्याचं लाल मुंग्यांचं कालवण आधी भीत भीत आणि मग चाटूनपुसून खातात, आणि तो त्यांच्याशी खमेरमध्ये न थांबता बोलत राहतो. त्यांना काही कळत नाही, पण ऐकतात.

मेआसचा भात त्या वर्षी गटातून विकला गेला. टिलर आला नाही. जे आलं त्यातून अर्ध्या घराला पत्रा झाला, अर्ध्यावर गवत राहिलं. आजी बघायला गेली तेव्हा पाऊस पडत होता. पोरं पत्र्याखालच्या भागात झोपायला म्हणून गेली होती आणि आवाजाने झोप येत नाही म्हणून चटया ओढत पुन्हा गवताच्या बाजूला आली होती. मेआस शिडीवर बसून म्हशींच्या शिंगांवरचा वाळका चिखल खरवडत होता. "बघ," तो बहिणीला म्हणाला, "चांगलं दिलं तरी नको यांना." आजीने पान काढलं, अर्धं त्याला दिलं, आणि दोघं पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसली.